काठावर कुणीतरी हवं

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलंच होतं. यात ना चोरी आहे, ना मारामारी, ना कुणाचं लफडं. एका घरानं सुट्टीला जायचं ठरवलं आणि ठरवता ठरवता घोळ घातला, एवढंच. पण ज्याला म्हणून सांगायला जावं तो मध्येच थांबवून विचारतो, "मग? पुढं?" तर घ्या.

घरात तिघं. आई एका मोठ्या लॉन्ड्रीत दिवसभर वाफेच्या इस्त्रीसमोर उभी असते. बाबा पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड होते, नुकतेच निवृत्त झाले. आणि मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दुकानात, गल्लीत, घरात, सगळीकडे त्याला बारक्याच म्हणतात, दाढी आली तरी.

सुट्टीचं खूळ आईचं. तिनं फोनवर एक घर शोधून काढलं होतं. मागं शेतं, पुढं उतार, उताराखाली समुद्र, आणि अंगणात लाकडी हॉट टब, वाफा निघत असलेला. तो फोटो तिनं लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायकांना दाखवला होता. एक जण म्हणे बोलली, "वाफेतून सुटून वाफेतच चाललीस होय गं?"

"बोलू दे," आई बारक्याला म्हणाली. "तिथली वाफ मला इस्त्री करायला नाही सांगणार."

"आणि समुद्र?"

"समुद्र असला काय नि नसला काय. मला त्या टबात तुझ्या बाबांच्या शेजारी बसायचंय. बस्स."

हे ऐकायला सोपं वाटतं. पण बाबा जन्मभर पाण्याजवळ राहिले आणि आईबरोबर पाण्यात एकदाही उतरले नाहीत. कुठंही नदीवर, समुद्रावर गेलं की हा माणूस पॅन्ट दुमडून काठावर उभा. लोकांची पोरं मोजत. घरातला डबा कुठं ठेवला ते आठवणार नाही, पण लाल चड्डीवालं पोरगं कुठल्या लाटेमागं गेलं ते बरोबर सांगतील. आईनं हाक मारली की म्हणायचे, "तू हो पुढं, मी आलोच." ते काही यायचे नाहीत.

टबाचं विचारल्यावरही ते एवढंच म्हणाले, "बघू."

बाबांच्या भाषेत 'बघू' म्हणजे नाही. आईला ते पक्कं ठाऊक. तरी तिनं बारक्याला बुकिंग करायला लावलं. एकदा तिथं पोचलो, समोर गरम पाणी दिसलं, की विरघळतील, असा तिचा हिशेब.

बारक्यानं बुकिंग केलं. गाडी चालवायला त्याचा दोस्त लांब्या येणार होता. लांब्याही लाइफगार्डच, बाबांनीच तयार केलेला, आता बाबांच्या खुर्चीवर तोच बसतो. सगळं झकास जमलं होतं. बाबांनी घरमालकिणीचा नंबर मागितला, "रस्ता नीट विचारून घेतो" म्हणाले, तेव्हा बारक्याला उलट बरंच वाटलं. म्हातारा रस घेतोय!

दुसऱ्या दिवशी दुकानात तो एका फोनची काच उचकटत होता, तेवढ्यात मालकिणीचा मेसेज आला. टब बंद केला आहे. घर हवं असेल तर या, टब मिळणार नाही. क्षमा असावी.

घरी आल्यावर त्यानं तो आईला दाखवला. तिनं दोनदा वाचला. "असू दे," म्हणाली, "समुद्र आहे ना." आणि आत जाऊन उशांच्या खोळी इस्त्री करायला लागली. त्या आधीच लॉन्ड्रीतून इस्त्री होऊन आलेल्या होत्या. जी बाई घरी इस्त्रीला हात लावत नाही, ती!

बारक्याला राहवेना. त्यानं फोन लावला.

"काकू, टबाला काय झालं?"

"काही झालं नाही हो," पलीकडून आवाज आला. "खरं सांगू का? काल तपासणीवाल्या साहेबांचा फोन आला होता. पाणी कधी बदलता, औषध किती टाकता, झाकणाला कुलूप आहे का, उतरायला दांडा आहे का, काठ घसरडा आहे का. बाप रे! घाम फुटला मला. म्हटलं, उद्या दारात उभे राहायला नकोत. काढून टाकलं सगळं पाणी."

बारक्यानं हळूच मान वळवून बाबांकडं बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले होते.

"काकू, त्या साहेबांचा आवाज कसा होता? भोंग्यातून बोलल्यासारखा?"

"अगदी!"

"मी करतो परत फोन," म्हणून बारक्यानं फोन ठेवला. "बाबा! तुम्ही रस्ता विचारत होता की धाड टाकत होता?"

"मी साधं विचारलं."

"साधं? बाईनं टब रिकामा केला!"

आतली इस्त्री थांबली. आई दारात येऊन उभी राहिली. हातात उशीची खोळ तशीच. ती ओरडली असती तर बाबांना सोपं गेलं असतं.

"मी काही साहेब-बिहेब म्हणालो नाही," बाबा पुटपुटले. "नमस्कार, तलावावरून बोलतोय, एवढंच. सवयीनं तोंडात येतं."

"मग आता सवय मोडा आणि बाईंना सांगा," आई म्हणाली.

बारक्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला आणि बाबांसमोर धरला. बाबा उठून उभेच राहिले.

"नमस्कार. मी कालचा. मी तपासणीवाला नाही. गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक?" बाईंचा विश्वास बसेना. "अहो भाऊ, गिऱ्हाईक विचारतं, टॉवेल मिळतील का. तुम्ही एवढ्या चौकशा कशाला केल्यात?"

बाबांनी एकदा आईकडं बघितलं. मग फोनलाच सांगितल्यासारखं बोलले, "मी लाइफगार्ड होतो. मी पाण्यात बसलो की काठावर कुणी नसणार. आमच्या मंडळींना काही झालं तर? म्हणून म्हटलं, आधी सगळं विचारून घ्यावं."

पलीकडं बाई खळखळून हसल्या. "अहो, पाणी छातीपर्यंतसुद्धा येत नाही त्यात!"

"कमी पाण्यातच माणसं गाफील राहतात, ताई."

"बरं बाबा, बरं. दांडा बसवून घेते. काठाला रबरी चटई टाकते. पाणी ताजं भरते. या तुम्ही. आणि हो, टॉवेल मिळतील."

फोन बंद झाला. आई अजून दारातच.

"म्हणजे तुम्ही उतरणार होतात?"

"विचार चालला होता."

"मग मला सांगायचं की!"

"ठरल्यावर सांगणार होतो. आधीच सांगितलं आणि नाही जमलं, तर तू हिरमुसतेस."

"आणि आता काय नाचत होते मी?" ती म्हणाली. पण हसू फुटलंच. आत जाऊन तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

बाबांचं मात्र अजून संपलं नव्हतं. "एक आहे. काठावर कुणीतरी हवं. डोळे उघडे असणारं. त्याशिवाय मला तिथं सुख लागायचं नाही, मी आपला इकडं-तिकडं बघत बसेन."

"मी आहे ना," बारक्या म्हणाला.

"तू? तुला पोहता कुठं येतं?"

खरं होतं. लाइफगार्डचा मुलगा, आणि पाण्यात सोडला तर दगड. बाबांचा चेहरा जरा पडला. "लोकांची पोरं बघता बघता राहूनच गेलं बघ तुझं," ते म्हणाले.

म्हणून बारक्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तलावावर गेला. लांब्या बाकावर पाय पसरून डबा खात होता. सगळं ऐकून त्याचा घास तोंडातच राहिला.

"म्हणजे तिथंही ड्युटी? लेका, मी तिथं कुणावरही नजर न ठेवायला येतोय!"

"फक्त आईबाबा बसतील तेवढा वेळ. तू काठावर दिसलास की बाबा निवांत बसतील. तुझ्यावर भरवसा आहे त्यांचा."

"मस्का नको." लांब्यानं डब्याचं झाकण लावलं. "काका खरंच उतरणार?"

"ठरलंय म्हणाले. 'बघू' नाही म्हणाले."

लांब्यानं डबा बाजूला ठेवला. "इतकी वर्षं बघतोय त्यांना. कुणाला बाहेर काढायचं असल्याशिवाय केस ओले झालेले पाहिले नाहीत कधी. बरं, बसतो मी. पण मग माझं काय? मी टबात असताना काठावर कोण? काका मला एकट्याला बसू देणार आहेत का? परत स्वतःच उभे राहतील पॅन्ट दुमडून."

"मी उभा राहीन."

"तू! तू पडलास तर मलाच बाहेर येऊन तुला काढावं लागेल."

"नाही काढावं लागणार," बारक्या म्हणाला. "उद्या सकाळपासून येतो तुझ्याकडं शिकायला, दुकान उघडायच्या आधी. नाकातोंडात पाणी गेलं तरी येतो. आणि तिथं तू टबात उतरलास, की तू स्वतः बाहेर येईपर्यंत मी काठावरून हलणार नाही. वचन."