तळ्याची गळती

आमच्या विभागाचं नाव इतकं लांब आहे की दारावरच्या पाटीत ते दोन ओळींतही मावत नाही. त्याचा अर्थ मात्र सोपा आहे. इंजिनियर, समाजशास्त्रवाली आणि अर्थशास्त्रवाला यांना एका खोलीत कोंबायचं, एकाच वर्गाला शिकवायला लावायचं आणि पाणी-जमीन नातवंडांपर्यंत कशी टिकेल यावर तिघांच्या सहीचं एकच उत्तर मागायचं. समाजशास्त्रवाली मी, नाकिज्वा म्गोंजा. इंजिनियर न्देसारिओ टेमू. अर्थशास्त्रवाले आमचे प्रमुख रुगेमालिरा सर, ते लांब बुकोबा शहराकडचे.

टेमू चग्गा जमातीचा आणि मी पारे जमातीची, म्हणजे आम्ही एकमेकांचे मतानी. चग्गाने पारेची आणि पारेने चग्गाची टर उडवायची, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रागवायचं नाही. जो रागावला त्याचीच नाचक्की. मयताच्या घरीदेखील मतानी येऊन खोड्या काढतो आणि रडणारी माणसं हसायला लागतात. मतानीने तुमची वस्तू उचलली तर भांडायचं नसतं, तो मागेल ते देऊन ती सोडवायची असते.

वर्गात आमची जुगलबंदी मुलांना फार आवडायची. मी विचारायचे, चग्गा खरंच मेलाय की नाही हे कसं ओळखायचं? तर कानाशी नाणी वाजवायची. तो म्हणायचा, कोंबडीच्या खटल्यासाठी पारे गाय विकतो. आमचा तास कधी रिकामा गेला नाही. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

भानगड सुरू झाली ती पारे डोंगरातल्या एका न्दिवावरून. न्दिवा म्हणजे ओढ्याचं पाणी रात्रभर साठवून पहाटे शेतांना सोडायचं तळं. हे तळं फार जुनं, दगडमातीचं, आणि ते गळायचं. टेमूने वर्षभर मोजमाप केलं. त्याच्या हिशेबाने निम्मं पाणी तळातून जमिनीत मुरत होतं, म्हणजे वाया जात होतं. उपाय असा की तळाला आणि भिंतींना सिमेंटचा थर द्यायचा. रुगेमालिरा सरांना हिशेब पटला. देणगीदारही तयार होते. राहिली होती माझी सही.

मला सही करवत नव्हती. तळ्याच्या खाली उताराला एक वाडी आहे. तिला कालव्याच्या पाण्याची पाळी नाही, कधीच नव्हती. तिथल्या बायका एका पाझरावर अळू लावतात, पिण्याचं पाणीही तिथूनच भरतात. तो पाझर त्याच गळतीचा, असं त्यांचं म्हणणं. टेमूचं वाया गेलेलं पाणी ते हेच.

हे टेमूला कुणी सांगितलं नाही असं नाही. बायकांनीच सांगितलं होतं, मुलांना घेऊन तो वाडीत गेला तेव्हा. पण चग्गाशी पारे बाई बोलते तशा त्या बोलल्या. "काय रे चग्गा, आमच्या अळवाचं पाणी गावी नेऊन विकणार वाटतं?" टेमू पोट धरून हसला. मुलंही हसली, आणि हसताना सगळ्यांच्या वह्या मिटलेल्या होत्या. आपल्या लोकांत थट्टा कुणी लिहून घेतं का?

मग मी बैठकीत बोलले. टेमूने हात जोडून सरांना म्हटलं, पारे आहे ती, गळकं पाणीसुद्धा तिला सोडवत नाही. खोली हसली. पुढच्या बैठकीत मी वाडीतल्या मुलाखती वाचून दाखवल्या, तर तो म्हणाला, आता ही माझ्यावर खटला भरणार, कोंबड्या लपवा रे. सरही डोळे पुसत हसले. मी चिडले असते तर मतानीवर चिडलेली बाई म्हणून आणखी हसले असते. जन्मभर ज्या थट्टेवर मी टाळ्या घेतल्या तिनेच माझं तोंड बांधून टाकलं होतं. मला त्या दिवशी टेमूचा राग आला, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

अहवाल पाठवायचा दिवस उजाडला. सरांच्या खोलीत कागद मांडलेले, शेजारी चहा. सरांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. टेमूच्या गाडीची किल्ली टेबलावर होती. मी पेन न घेता किल्ली उचलली आणि ब्लाउजमध्ये घातली.

"हे काय?" सर म्हणाले.

"माझ्या मतानीची वस्तू घेतली. हवी असेल तर त्याने माझ्याबरोबर वाडीत यावं. आज."

टेमू हसला, मग थांबला. रीत त्यालाही ठाऊक होती. नाही म्हणायची सोय नव्हती. सर गालातल्या गालात हसत म्हणाले की अहवाल उद्या गेला तर आकाश कोसळणार नाही.

वाटेत त्याने माझ्या गाडी चालवण्यावर तोंडसुख घेतलं. डोंगर चढायला लागलो तसा तो खिडकीबाहेरचा उतार बघायला लागला.

मी दिवस मुद्दामच पाहिला होता असं नाही, पण तो चांगला निघाला. पावसाच्या आधी सगळा गाव मिळून न्दिवा रिकामा करतो आणि गाळ काढतो. ते काम चालू होतं. तळं आठवड्यापासून कोरडं होतं. टेमू मोजमापाला यायचा तो नेहमी तळं भरलेलं असताना. रिकामं तळं त्याच्या काय कामाचं?

आम्ही खाली वाडीत उतरलो. पाझराच्या जागी ओला चिखल तेवढा होता. अळवाची पानं माना टाकून पडली होती. आठ-दहा बायका रिकाम्या बादल्या-घागरी घेऊन बसल्या होत्या, एकीने वाटीने खड्ड्यातलं पाणी टिपून घागरीत सोडायचं चालवलं होतं. तळं भरलं की दोन-चार दिवसांत पाझर पुन्हा सुटतो, दर वर्षीचंच आहे, असं त्यांनी मला सांगितलं. तेवढे दिवस ओढ्यावरून पाणी आणायचं, आणि ज्याचं पाणी पाटाने तळ्यात येतं तो ओढा पार पलीकडच्या खोऱ्यात.

टेमू बूट काढून चिखलात उतरला. खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला, माती चोळून पाहिली. वर तळ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. उताराचा अंदाज तो डोळ्यांनीच घेत होता, ते मला ओळखता येतं.

मग तो बायकांकडे वळला. "तळाला सिमेंट घालायचं नाही. फक्त भिंती पक्क्या करू. माझं चुकलं."

बायका खो खो हसल्या. एक तर घागरीवर कोसळलीच. "ऐकलं का गं," ती म्हणाली, "चग्गा म्हणतोय माझं चुकलं. आता माफी मागितली म्हणून आपल्याकडूनच कोकरू मागेल!"

"नाही, खरंच सांगतो. मी चुकीचं मोजलं."

हसणं आणखी वाढलं. त्याचा चेहरा उतरला. एवढा मोठा माणूस, चिखलाने भरलेला, माझ्याकडे बघायला लागला.

"नाकिज्वा, तू सांग ना यांना. मी थट्टा नाही करत."

"मी सांगून काय होणार?" मी म्हटलं. "मीही तुझी मतानीच."

ते त्याला लागलं. मला दिसलं लागलेलं, आणि मला बरंही वाटलं नाही. तो तिथेच चिखलाच्या काठावर बसला, बायकांच्या पायांशी, आणि तेच पुन्हा म्हणाला, हळू. कुणीतरी अजून हसत होतं. त्याने चौथ्यांदा सांगितलं. हसणं एकेक करून विझत गेलं, आणि वाटीने पाणी टिपणाऱ्या म्हातारीने वाटी खाली ठेवली.

"मग हे कागदावर घालशील का?" तिने विचारलं.

"घालतो," टेमू म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहितो."