परीक्षा शिकवणीची

"खाली बघू नकोस," थोरलीने बजावलं आणि धाकट्या जावेच्या हातांवर रुमाल पसरला.

"अहो ताई, माझी दोन बोटं धावतात, तिथे ही दहा नुसती रांगतायत," धाकटी कुरकुरली.

खोटं नव्हतं ते. विमा कचेरीच्या त्या खोलीत दोन बोटांनी टाइप करण्यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कचेरीने दहा बोटांनी, कळांकडे न बघता टाइप करायचं प्रशिक्षण काढलं आणि शिकवायला थोरलीला उभं केलं. घरात जावा, कचेरीत गुरू-शिष्या, म्हणून दोघींची भरपूर थट्टा व्हायची.

जुनी सवय मोडताना वेग आधी घसरतो, मग चढतो. हे थोरलीने साहेबांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. म्हणून शिकवणी अर्धवट असतानाच सगळ्यांच्या वेगाची परीक्षा घ्यायचं निघालं, तेव्हा ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

"परीक्षा शिकवणीची आहे, माणसांची नाही," साहेब हसून म्हणाले. "तुम्ही सगळ्यांना निर्धास्त करा. तुमचं ऐकतात ते."

तिने केलं. जेवणाच्या सुट्टीत एकेकाला गाठून सांगितलं.

"मी आपली दोन बोटांनीच उरकते," धाकटी म्हणाली.

"नको गं. मग शिकवणीचं खरं काय ते कळणार कसं? मी आहे ना."

धाकटीने ऐकलं. परीक्षेच्या दिवशी अडखळत, चुकत, ओठ चावत ती दहा बोटांनीच टाइप करत राहिली. शेजारचा कारकून मात्र बिनदिक्कत कळांकडे बघून जुन्याच पद्धतीने धावत होता. थोरलीला ते दिसलं. माणसांची परीक्षा थोडीच आहे, म्हणून तिने सोडून दिलं आणि सगळ्यांच्या वेगाचे आकडे साहेबांकडे पोचते केले.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं. कमी वेगाच्या चौघांना काढायचं ठरलं होतं. त्यांत धाकटी होती, कारकून नव्हता.

"परीक्षा माणसांची नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"तेव्हा नव्हतीच. आता वरून आलंय," साहेब म्हणाले. "आणि आकडे तुम्हीच दिलेत ना, बाई? आम्ही काही पदरचे घातले नाहीत."

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. या माणसाने केसाने गळा कापला होता, आणि तोही तिच्याच तोंडून, तिच्याच माणसांचा. ती भांडली, आवाज चढवला, शेवटी हात जोडले. साहेबांनी फोन उचलून कानाला लावला.

ती बाहेर आली तेव्हा धाकटी खण रिकामा करत होती.

"मला खरंच ठाऊक नव्हतं गं."

"असेल," धाकटी म्हणाली. "पण मी तुमचं ऐकलं, ताई. साहेबांचं नाही."

संध्याकाळी घरी धाकटीने नेहमीसारखं सगळ्यांना वाढलं. एरवी ती थोरलीला न विचारताच वाढायची. आज मात्र तिच्या ताटाशी थांबून तिने हळू आवाजात, अदबीने विचारलं, "आणखी काही हवं का तुम्हाला?" घरी आलेल्या परक्या माणसाला विचारतात, तसं.