रहाटाचा दोर

शिबिराच्या अंजना मॅडमनी डब्यातून दुसरी चिठ्ठी काढून वाचली आणि भिमाजी दोन पावलं मागं सरला. रस्सीखेचीत तो आणि सयाजी एकाच बाजूला.

याच सयाजीच्या काठीनं दिवाळीत भिमाजीचं कपाळ फुटलं होतं. भिमाजीसारखी धरणात घरं गेलेली डोंगरातली माणसं सरकारनं लोणीच्या शिवारात आणून बसवली, लोणीकरांच्याच जमिनीवर, दोघांनाही न विचारता. विहिरीवरच्या त्या मारामारीनंतर गावाचं पाणी शेंदून झालं, की सयाजी रहाटाचा दोर काढून घरी नेई. भिमाजीची बायको झुंबरबाई ओढ्यातल्या झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत होती, आणि आता झराही आटत आला होता.

त्यावर पुण्याच्या विद्यापीठानं सलोखा शिबिर पाठवलं. पोरांनी पथनाट्य केलं. त्यात भांडणाऱ्यांची कामं करणारे दोघे खरंच भांडले. म्हणून मॅडमनी रस्सीखेच काढली. रस्सी तेवढी पुण्यातच राहिली होती. गावात तसा मजबूत दोर एकच, रहाटाचा.

सयाजीनं तो आणून शाळेच्या मैदानात टाकला, पण कुणी हात लावेना.

"धरा की," मॅडम म्हणाल्या.

भिमाजीनं सयाजीकडं पाहिलं. "धरू?"

"मला काय इचारतो? बाई म्हनत्यात न्हवं. पावणं तुमी, पुढं व्हा."

चार वर्षं झाली तरी पावणंच. त्यात काठीवाला माणूस पाठीशी. भिमाजीची मान आखडली. समोरून हिसका बसला तसा सयाजी कानात खेकसला, "टाच रोव, टाच. नांगर न्हाई का धरला कधी?"

"डोंगरात कुदळीनं करतो आमी."

"मंग कुदळ समज."

जिंकले, आणि एकमेकांवर पडले. दोघं पडलेले पाहून जमावातल्या एकानं सवयीनं काठी उचलली, मग ओशाळून ठेवली. मॅडमनी सलोखा झाल्याचं जाहीर केलं. जीप गेली.

दोर मैदानातच पडून राहिला. कुणी उचलला नाही.

"आपलं हात लागलं," झुंबरबाई म्हणाली. "आता जाळत्याल त्यो."

सकाळी हंडा घेऊन ती निघाली, भिमाजी सोबत. विहिरीवर दोर रहाटाला ओवलेला होता. शेजारी सयाजी, तळहात फडक्यात गुंडाळलेले.

"फोड आल्यात," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "रोज काढायचा, घरी न्यायचा, जमत न्हाई. ऱ्हाईल हितंच."

"आन् फोड बरं झाल्याव?" झुंबरबाईनं विचारलं.

सयाजीनं फडकं घट्ट केलं.

तिनं हंडा सोडला. रहाटाला कधीचं तेल नव्हतं. गावभर ऐकू जाईल असा तो करकरला. एकेक दार उघडलं. सयाजी कठड्यावर बसून राहिला, हंडा वर येईपर्यंत.