रिलेची ओळ

प्रयोगशाळेची नवी इमारत सुरू झाली त्या सकाळी तिथल्या चाळीस कॉम्प्युटरांपैकी एकालाही नेटवर्कचा पत्ता मिळेना. रक्ताचे नमुने ट्रेमध्ये तसेच पडून होते आणि खिडकीपाशी लोकांची कुरकुर वाढत होती.

नेटवर्कचं काम वहिनीकडे होतं. विभागप्रमुख तिची नणंद, म्हणून सगळं ऑफिस तिला वहिनीच म्हणायचं. वहिनीचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती; घरात सासूबाई, नणंद आणि ती अशा तिघीच होत्या. महिन्यापूर्वी सासूबाई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. "दोघींपैकी एकीनं घरी बसायला हवं," असं नणंद तेव्हापासून म्हणत होती. एक म्हणजे कोण, ते उघडच होतं. वहिनीनं साफ नकार दिला होता.

व्यवस्थापक खाली आले, मागोमाग नणंदही. "मला कळेल असं सांगा."

"कॉम्प्युटर चालू झाला की तो ओरडून पत्ता मागतो," वहिनी म्हणाली. "ते ओरडणं राउटरच्या पलीकडे जात नाही, आणि पत्ते देणारा सर्व्हर जुन्या इमारतीत आहे. म्हणून राउटरमध्ये एक ओळ घालावी लागते, की मागणी सर्व्हरकडे पोचव आणि कुठल्या मजल्यावरून आली तेही सांग. रिले म्हणतात त्याला. काल मी ती घातली होती. सगळे कॉम्प्युटर चालले होते."

"घातली होती, तर गेली कुठे?" नणंदेनं शांतपणे विचारलं.

वहिनीनं राउटर उघडला. ओळ नव्हती. नोंदीत दिसलं, की सकाळी सात चाळीसला ती काढलेली. लॉगिन नणंदेचं.

तिनं ओळ परत घातली. कॉम्प्युटर सुरू झाले. मग ती नणंदेच्या केबिनमध्ये गेली.

"ताई, ओळ तुम्ही काढलीत."

नणंदेनं नजर वर केली नाही. "महिनाभर तुला नीट सांगत होते."

वहिनीनं नोंदीचा कागद छापून व्यवस्थापकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"त्या गेल्या तर विभाग कोण चालवणार?"

"मी चालवीन."

ते हसले. मनापासून हसले, तेच तिला जास्त लागलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला कामावरून काढल्याचं पत्र तयार झालं. कारण लिहिलं होतं: कामात हलगर्जीपणा. खाली सही नणंदेची.

दुसऱ्या दिवशी नणंद डबा घेऊन निघाली. दारातून म्हणाली, "वहिनी, आईची कूस दर दोन तासांनी बदल. पाठीला जखम व्हायला नको."

"हो, ताई."

दार लागलं. वहिनी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिली. आतून सासूबाईंनी पाणी मागितलं. त्या बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ते वहिनीला पक्कं माहीत होतं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा मागितलं.

तिसऱ्यांदा आवाज रडवेला झाला, तेव्हा ती उठली.