रिकामा खिळा

सासऱ्यांच्या जुन्या व्हॅनचा दुसरा गिअर चढावर निसटायला लागला आणि त्यांनी खापर फोडलं जावयावर. जावई मेकॅनिक होता; गिअरबॉक्स मागे त्यानेच उघडून बांधला होता.

"आमच्या जावईबापूंच्या हाताला गुण नाही," भरल्या घरात, पाहुण्यांसमोर ते हसत हसत म्हणाले. सगळे हसले. जावयाने मात्र डूख धरला.

त्याने गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. आत गिअर सरकवणारा फोर्क झिजून पात्यासारखा झाला होता. नवा फोर्क, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. कामात त्याने तसूभर कसर ठेवली नाही. मग सासऱ्यांना गाडी चालवायला देऊन तो शेजारी बसला.

गिअर पडल्यावरही म्हाताऱ्याचा हात दांड्यावरून हलेना. काठीवर रेलावं तसा सगळा भार दांड्यावर, आणि तोच भार आत फोर्कवर. असाच हात राहिला तर हा फोर्कही तसाच खाल्ला जाणार, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलं आणि त्याने गिळलं.

"काही जपायला हवं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"छे, बाबा. बिनधास्त चालवा."

गॅरेजमध्ये परतून त्याने भिंतीवर खिळा ठोकला आणि झिजलेला फोर्क त्याला टांगला. मग शेजारी आणखी एक खिळा ठोकला.

"हा रिकामा कशाला?" बायकोने विचारलं.

"तोही तुझ्या बाबांचाच," तो म्हणाला. "यायचेत ते परत."