पाचवं पोर्ट

घरात कॉम्प्युटरचं काही बिघडलं की हाक जायची ती धाकट्या दिराला. स्वारीही हाकेची वाटच बघत असायची, आणि उत्तर तर काय, प्रश्न संपायच्या आत तयार!

वहिनी घरी बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढायची. मशीन रडतखडत चालायचं, म्हणून त्याने नवी ड्राइव्ह आणली. बोटाएवढी, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारी.

"वहिनी, जुन्या डिस्कच्या कितीतरी पट वेग. डुलकी काढायलाही फुरसत मिळणार नाही बघा!"

मशीन सुरू झालं ते अगदी भन्नाट. पण वहिनीचं तीन वर्षांचं काम जिच्यात होतं, ती जुनी हार्ड डिस्क काही केल्या दिसेना. मदरबोर्डवरच्या पाचव्या पोर्टातली तिची वायर काढून पुन्हा तिथेच लावली, तरी नाहीच.

"काय झालं, भावजी?"

"जुनीच होती हो. मेली ती."

दुसरी प्रत नव्हती. वहिनी थोडं रडली, मग डोळे पुसून त्याने काढून ठेवलेली डिस्क उचलली आणि आत गेली. मेलेली डिस्क ड्रिलने भोक पाडूनच भंगारात द्यायची, ही तिच्या जुन्या ऑफिसची शिस्त. लोकांच्या घरांची दारं-खिडक्या परक्याच्या हाती कशाला द्यायच्या?

इकडे याला चैन पडेना. त्याच वायरला त्याने स्वतःची धडधाकट डिस्क लावून पाहिली. अरेच्चा, तीही गायब! मग वायर पाचव्या पोर्टातून काढून दुसऱ्याच एका पोर्टात खोचली, तर डिस्क लगेच हजर. म्हणजे नव्या ड्राइव्हने ती खाच भरली की या मदरबोर्डवर पाचवं पोर्ट आपोआप बंद होतं! जुनी डिस्क ठणठणीत होती.

तेवढ्यात आतून ड्रिलची घरघर ऐकू आली.

"वहिनी, थांबा!" तो धावतच आत शिरला. ड्रिलचं टोक डिस्कपासून जेमतेम बोटभर वर होतं. तिने बटण सोडलं.

डिस्क दुसऱ्या पोर्टाला लावली आणि नकाशे एकेक करून पडद्यावर आले. वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याच्याकडे वळली.

"पण डिस्क मेली, असं का म्हणालात?"

"मला काही कळतच नव्हतं, वहिनी."

"मग तसं सांगायचं ना, भावजी. मी थांबले असते. तुमच्या शब्दावर तर ड्रिल हातात घेतलं."