नाव घेऊन केलेला सत्कार

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या बौद्ध मंडळाचा हॉल रविवारी वंदनेला असे आणि शनिवारी हाँगकाँगहून आलेल्या मुलांच्या कँटोनीज भाषेच्या शाळेला. मंडळाची सेक्रेटरी धम्मशीला शनिवारी हॉल उघडून द्यायला जायची, आणि किचनमध्ये कप विसळता विसळता शाळेच्या युंग मॅडमशी तिची गट्टी जमली.

मॅडम तिकडे हाँगकाँगला हायस्कूलमध्ये शिकवत. वर्तमानपत्र समोर ठेवून मुलांना वाद घालायला लावायचं, असा त्यांचा विषय. राजकारण फिरलं तसा तो विषयच गेला. नवं पुस्तक आलं, त्यात वादाला जागा नव्हती. लायब्ररीतली काही पुस्तकं गुपचूप कपाटातून उतरली, शिक्षकांविरुद्ध निनावी तक्रारी येऊ लागल्या. मॅडम इकडे निघून आल्या. धाकटी बहीण मागेच राहिली, तिथल्या एका प्राथमिक शाळेत.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला धम्मशीलानं त्या मुलांना गाणं म्हणायला बोलावलं. एरवी तिचं बोलणं शेजारच्या खुर्चीलाही कष्टानं ऐकू जायचं, पण त्या दिवशी तिनं माईक घेतला. ती ज्या घरात वाढली तिथली रीतच होती: ज्यानं सोसलं त्याचं नाव मंचावरून मोठ्यानं घ्यायचं. त्यानं मान मिळतो, बळ येतं. तिनं मॅडमचं नाव घेतलं, त्यांच्या जुन्या शाळेचं घेतलं. यांची बहीण आजही तिथे न भिता मुलांना विचार करायला शिकवते, असं सांगून तिचंही पूर्ण नाव घेतलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिचा नवरा प्रमोद सगळं फेसबुकवर लाइव्ह दाखवत होता.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलांना कोट घालायला लावले, आणि जाताना व्हिडिओ काढून टाका, एवढंच म्हणाल्या. प्रमोदनं लगेच काढला, पण तोवर तो कुणीकुणी पुढे धाडला होता.

पुढच्याच महिन्यात कळलं, बहिणीचे वर्ग काढून घेतले. कारण कुणी सांगितलं नाही. प्रमोद म्हणाला, व्हिडिओमुळेच कशावरून? आणि तू काय खोटं बोललीस?

तेच तर होतं. रोज सकाळी बुद्धरूपापुढे पंचशील घेणारी ती एकेक शील तपासून बघायची. कुठलंच मोडलं नव्हतं. तरी बुद्धाच्या डोळ्यांकडे तिला बघवेना.

शेवटी तिनं मॅडमना मेसेज केला. लांबलचक, अगदी मनापासून.

शनिवारी मॅडम दारातच थांबल्या. मुलं अजून यायची होती.

"तुमचा मेसेज मी उघडला नाही," त्या म्हणाल्या. "आधी एक सांगा. त्यात माझ्या बहिणीचं नाव आहे?"

धम्मशीलाचे कान तापले. माफी मागायची तर ज्याचं नुकसान केलं त्याचं नाव घेऊन मागावी, अर्धवट कशाला, असं म्हणून तिनं ते नीट, पूर्ण लिहिलं होतं.

"आहे," ती म्हणाली.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, एखादं मूल तोच धडा पुन्हा चुकल्यावर हलवावी तशी.

"काढून टाका. लिहिलेलं कुणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. आणि पुन्हा लिहू नका. सॉरीसुद्धा नको."

धम्मशीलानं त्यांच्यासमोरच मेसेज दोघींच्याही फोनवरून पुसला. बोट दोनदा भलतीकडेच लागलं. 'सॉरी' ओठांवर आलं, ते तिनं गिळलं. मुलं आली. मॅडम त्यांच्याशी हसून बोलत आत गेल्या, आणि दार हलकेच लावून घेतलं.